सात सुटे दगड

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, मोजणीच्या धंद्यातले गमतीदार अनुभव लिहून द्या, दिवाळीचा अंक आहे, वाचकांना जड नको. मी बरं म्हणालो. गमती माझ्याकडे पोत्याने आहेत. पण लिहायला बसलो की दर वेळी हात एकाच गोष्टीकडे जातो आणि तिच्यात गंमत औषधालाही नाही. तेव्हा ज्यांना चकलीबरोबर गोड लेख हवा असेल त्यांनी खुशाल पान उलटावं. मी रागावलेलो आहे, आणि ज्यांच्यावर रागावलोय त्या यादीत पहिलं नाव माझंच आहे.

मी सर्व्हेअर. सरकारी नव्हे. एका खाजगी कचेरीत राहून छत्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. लोकांना वाटतं, मोजणी म्हणजे टेप लावायचा आणि आकडा लिहायचा. तसं नसतं. रस्ता, पूल, सोसायटी, बाग, काहीही व्हायच्या आधी तिथे आज काय आहे ते कुणीतरी उन्हात उभं राहून कागदावर आणावं लागतं. झाड, विहीर, विजेचा खांब, गटाराचं झाकण, सगळं. पूर्वी साखळ्या ओढायचो, आता टोटल स्टेशन नावाचं यंत्र आहे. ते तीन पायांच्या स्टँडवर बसतं. समोर एक माणूस काठीच्या टोकाला प्रिझम, म्हणजे काचेचा लोलक लावून त्या वस्तूपाशी उभा राहतो. मी नेम धरून बटण दाबलं की ती जागा यंत्रात जाते. मग त्या बिंदूला कोड द्यायचा. झाडाचा कोड वेगळा, खांबाचा वेगळा. हे कोड वरून ठरून आलेले असतात, आपल्या मनाचे चालत नाहीत. नकाशा काढणारा पंख्याखाली बसून फक्त कोड वाचतो. तो जागेवर कधी येत नाही.

कोथरूडला एकदा दोन बंगलेवाल्यांमध्ये मधल्या भिंतीवरून जुंपली होती. दोघेही निवृत्त, दोघेही सुसंस्कृत, त्यामुळे भांडण अहो-जाहो करत चाललेलं. मी तीन दिवस मोजलं तर निघालं काय, की ती अख्खी ओळच दीड फूट सरकलेली आहे आणि दोघेही तितकेच चूक आहेत. त्यावर वीस वर्षं न बोलणारे ते दोघे एक झाले आणि मला म्हणाले, आपण आपलं यंत्र एकदा तपासून घ्या. चहासुद्धा विचारला नाही.

कात्रजच्या बाजूला एका बांधकामवाल्याने मला प्लॉटमधला नाला दाखवला आणि फार गोड आवाजात विचारलं, हा कागदावर थोडा पलीकडे घेता येईल का. मी म्हणालो, नाला मी आणलेला नाही, त्यामुळे नेणंही माझ्या हातात नाही. त्याने दुसरा सर्व्हेअर गाठला. दोन पावसाळ्यांनी त्याच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी शिरलं असं कानावर आलं. ही गोष्ट मी पुढे बरीच वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत ऐकवली. माझ्या नकाशात नाला जिथल्या तिथे असतो, झाड जिथल्या तिथे असतं, असं छाती पुढे काढून सांगायचो. बायको म्हणायची, पुरे झालं आता नाल्याचं. तिचं तेव्हाच ऐकायला हवं होतं.

निवृत्तीच्या आदल्या उन्हाळ्यात शहराच्या वरच्या अंगाला मुठेच्या काठचं काम आलं. नदीकाठाने चालण्यासाठी वाट करायची होती. पक्षी, झाडं, इथल्या मूळ लोकांचा वारसा, असं सगळं लोकांना चालता चालता दाखवायचं, अशी कल्पना होती. कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणतो. आम्हाला सांगितलं होतं की झाडं, बांधकामं आणि काठावरचे सुटे दगड असं सगळं टिपून आणा. सुटे दगड अशासाठी, की ते गोळा करून काठाच्या भिंतीत वापरायचे होते. त्यांना कोड होता एल.एस., म्हणजे लूज स्टोन.

माझ्याबरोबर प्रिझम धरायला शिंदे होता. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, आवाज खणखणीत, ऊन लागलं की चिडणारा. पहिल्याच दिवशी एक टिटवी आमच्या डोक्यावरून घिरट्या घालून नुसती कोकलायला लागली. बघतो तर स्टँडच्या पायापासून हातभर अंतरावर गोट्यांमध्ये तिची चार अंडी. गोट्यांत आणि अंड्यांत फरक कळू नये अशीच ती घालते. मी स्टँड उचलून लांब नेला, सगळी मांडणी पुन्हा केली, आणि कुणाचा पाय पडू नये म्हणून अंड्यांभोवती चार काड्या रोवून फीत बांधली. अर्धा दिवस त्यात गेला. शिंदे म्हणाला, टिटवीला कोड काय देऊ?

हे सगळं एक बाई वरच्या दरडीवर बसून बघत होती. बारकीबाई तिचं नाव, हे मला नंतर कळलं. कातकरी. तिथून जवळच त्यांची दहा-बारा घरं आहेत. शहर तिथवर पोचायच्या कितीतरी आधीपासून ती माणसं त्या पाण्यावर जगतात. खेकडे, मळ्यांसारखे बारके मासे, नशीब असलं तर वाम. साठीची असेल, की सत्तरीची, सांगता येत नाही. अंगाने काटकुळी. आम्ही खाली डोहाकडे निघालो तशी ती उठून आली.

"साहेब, जपून जावा," ती म्हणाली. "तिथं आमच्या बाया हायेत."

मला वाटलं, बायका अंघोळीला उतरल्या असतील. नदीकाठी काम करणाऱ्या माणसाला हे नवीन नाही. मी म्हणालो, काळजी करू नका, आम्ही थांबतो. आणि थांबलो, चांगला अर्धा तास, करंजाच्या सावलीत, पाठ फिरवून. वर कुणी येईना. शेवटी मी शिंदेला म्हटलं, तू आवाज दे. शिंदेने तोंडाशी हात धरून हाळी दिली, बायांनो, येतोय हां आम्ही! काहीच उत्तर आलं नाही. बारकीबाई मात्र हसली आणि मान हलवून दरडीवरून निघून गेली. मला वाटलं, आमच्या सभ्यपणावर खूश झाली. मीही स्वतःवर जरा खूशच होतो.

खाली कुणी नव्हतं. डोहाच्या काठावर एक जुनं वाळुंजाचं झाड होतं, पाण्यावर वाकलेलं, आणि त्याच्या मुळाशी ओळीने सात दगड. वीत-दीड वीत उंचीचे. त्यांच्यावरचा शेंदूर उन्हाने पार उडाला होता. पण रंग दिसला नाही असं मी म्हणणार नाही. दिसला.

शिंदे म्हणाला, ह्या साती आसरा वाटतात, पाण्यातल्या देवी, देऊळ टाकू का? देवळाला कोड होता. मी त्याला विचारलं, छप्पर कुठाय? जोतं कुठाय? देऊळ टाकलंस की कचेरीतून दहा प्रश्न येतील, क्षेत्रफळ किती, मालक कोण, ट्रस्ट कुठला. दगड आहेत तर दगड टाक.

हे झालं सांगायचं कारण. खरं कारण आणखी एक आहे, आणि लिहायला बसलोच आहे तर तेही लिहितो. आमच्या घरात देव नाहीत. छप्पन सालच्या दीक्षेनंतर माझ्या वडिलांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि गावच्या नदीत सोडून दिले. ती गोष्ट ऐकत मी वाढलो आणि तिचा मला आजही अभिमान आहे. त्यामुळे शेंदूर फासलेला दगड दिसला की माझ्या कपाळाला आपोआप आठी पडते. त्या दिवशीही पडली. मी नेम धरला आणि सात वेळा बटण दाबलं. बिंदू चारशे बारा ते चारशे अठरा. एल.एस., एल.एस., एल.एस.

वडिलांनी टाक सोडले ते स्वतःचे होते, स्वतःच्या हातांनी सोडले. कुणी परका माणूस यंत्र घेऊन आला आणि त्याने ते भंगारात लिहिले, असं झालं नव्हतं. एवढी साधी गोष्ट कळायला मला चार वर्षं लागली, याची लाज वाटते.

वाट तयार झाल्यावर बायको म्हणाली, तुमचंच काम ना, चला बघायला. गेलो. गेट, गेटवर वेळापत्रक, आत गुळगुळीत फरशी. सकाळी सकाळी किमती बूट घातलेली मंडळी हात हलवत चाललेली. टिटवीची अंडी होती तिथे टिटवीची पाटी आहे, झकास रंगीत. टिटवी नाही, कारण गोटे नाहीत, सगळीकडे पेव्हर ब्लॉक. वाळुंज तेवढं उभं आहे. त्याला मी झाडाचा कोड दिला होता, बुंध्याचा घेर लिहिला होता, म्हणून ते वाचलं. आणि त्याच्या खाली फायबरच्या सात बायका. गोऱ्यापान, डोक्यावर घडे, नाकात नथी. पोरीबाळी त्यांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढत होत्या. शेजारी पाटी होती, की स्थानिक आदिवासी समाज येथे जलदेवतांची पूजा करीत असे.

करीत असे! मी ती पाटी दोनदा वाचली. बायकोला म्हटलं, जरा थांब, माझं डोकं फिरलंय.

परत येताना गेटवर बारकीबाई दिसली. बाहेरच्या बाजूला. हातात पिशवी, पिशवीत नारळ. गेटवरचा रखवालदार वाशिमकडचा, पोटासाठी इथे आलेला, त्याच्यावर मी राग काढणार नाही. तो तिला समजावत होता की पिशवी आत नेता येणार नाही, पूजासाहित्याला बंदी आहे, आत वारसा क्षेत्र आहे. ज्यांचा वारसा त्यांनी बाहेर उभं राहायचं आणि बाकी पुण्याने आत फिरायचं. हा नियम ज्याने केला त्याला एकदा डोळे भरून बघायची माझी इच्छा आहे.

तिने मला लगेच ओळखलं. तीन पायांचं यंत्र घेऊन आला होता ते तुम्हीच ना, असं विचारलं. मी हो म्हणालो.

"मग आमच्या बाया कुठं हायेत?" ती म्हणाली. "तुमाला सांगितलं व्हतं का न्हाय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाया. सात बाया. करंजाखाली पाठ फिरवून मी ज्यांची अंघोळ उरकायची वाट बघत होतो त्या. ती शांतपणे बोलत राहिली. तिचं म्हणणं असं, की टिटवीची अंडी राखणारा माणूस बायांना हात लावणार नाही अशी तिला खात्री वाटली. शिवाय आम्ही आवाज देऊन, बायांची परवानगी घेऊन खाली उतरलो होतो. घरच्यांनी विचारलं तेव्हा तिने सांगितलं होतं की माणसं रीतीची आहेत, घाबरू नका. पुढे मशीन आलं आणि एका दिवसात सगळं उचलून घेऊन गेलं. तेव्हापासून घरचे तिलाच बोल लावतात, की तूच त्यांना वाट दाखवलीस.

घरी येऊन मी जेवलो नाही. जुन्या फायली काढल्या. ते सात बिंदू जसेच्या तसे होते. ते दगड कुठे होते हे मला सेंटिमीटरपर्यंत सांगता येत होतं. आता कुठे आहेत हे जगात कुणालाच सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ज्यांनी वाटेचा आराखडा केला त्यांच्या कचेरीत गेलो आणि आवाज चढवला. समोर एक तरुण इंजिनियर बाई होत्या, फार नम्र. त्यांनी पाणी दिलं, संगणकावर नकाशा उघडला आणि म्हणाल्या, सर, आम्ही तर तुमच्याच सर्व्हेवर गेलो. पडद्यावर माझा नकाशा होता, खाली कोपऱ्यात माझी सही. सुटे दगड सगळे काठाच्या गॅबियनमध्ये गेले, असं त्या म्हणाल्या. गॅबियन म्हणजे तारेच्या जाळीच्या पेट्या, त्यात दगड भरून एकावर एक रचतात, की काठ ढासळत नाही. मी दुरुस्तीचा अर्ज दिला, की बिंदू चारशे बारा ते चारशे अठरा हे सुटे दगड नसून देवस्थान आहे, चूक माझी आहे, ते शोधून परत द्यावेत. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. काम पूर्ण झाले असल्याने नकाशात दुरुस्तीची आवश्यकता उरलेली नाही. उरलेली नाही, म्हणे! त्या कागदाचा बोळा करून भिरकावला, मग पुन्हा सरळ करून फाइलला लावला. सवय जात नाही.

मग मी शिंदेला फोन केला. छत्तीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलोय. स्टँड लावून उभ्या असलेल्या माणसाला या देशात कुणी काही विचारत नाही. शिंदेने ओळखीच्याकडून जुनं यंत्र आणलं, मी तीन नारिंगी जाकिटं शोधून काढली. एक माझं, एक त्याचं, एक बारकीबाईचं. तिला तिच्या घरी जाऊन मी माझी चूक सांगितली होती. जाकीट तिने साडीवर चढवलं आणि बटणं नीट लावली.

सकाळी नऊ वाजता आम्ही गेटवर गेलो. त्याच गेटवर, त्याच बाईला, त्याच रखवालदाराने सलाम ठोकला. पिशवी उघडूनही बघितली नाही.

काठाची भिंत लांबलचक आहे. शिंदे एका जागी यंत्र लावून उगाच डोळा लावून उभा राहिला. मी आणि बारकीबाई जाळीच्या कडेकडेने निघालो. ती प्रत्येक पेटीपाशी बसायची, जाळीतून बोटं आत घालायची, दगड चाचपायची आणि पुढे सरकायची. मला सगळे दगड सारखे दिसत होते. एका चालणाऱ्या बाईंनी थांबून विचारलं, दुरुस्ती चाललीय का, बरं झालं, या जाळ्यांत साप शिरतात. मी हो म्हणालो. ऊन चढलं. दुपारी शिंदेने डबा आणून दिला तर बारकीबाईने नुसतं पाणी घेतलं.

तीनच्या सुमाराला ती एका पेटीपाशी बसली ती उठेना. तिची दोन बोटं आत होती. तिने मला बोलावून माझाही हात आत घालायला लावला. एका दगडाच्या अंगाला आडवी खाच होती आणि खाचेत काहीतरी चिकट. बोट बाहेर काढलं तर लाल.

"थोरली," ती म्हणाली, आणि पदर तोंडावर घेऊन रडली. मी दुसरीकडे बघत राहिलो, कारण मला माझा भरवसा नव्हता.

मी पिशवीतून पकड काढली आणि तार कापायला लागलो. भर दिवसा, माणसांच्या देखत. रखवालदार आला आणि विचारू लागला, साहेब, काय चाललंय? मी म्हणालो, मोजणी. तो बरं म्हणून गेला. दगड बाहेर यायला वेळ लागला, दोन बोटं सोलली. निघाला तेव्हा बारकीबाईने तो मांडीवर घेतला आणि पदराने पुसला. भिंत बसू नये म्हणून मी त्या जागी तेवढ्याच मापाचा दुसरा दगड घातला आणि तार पुन्हा पिळून टाकली. बाकीच्या सहा जणी सापडल्या नाहीत. त्या काठावर कुठेतरी आहेत, आणि वरून पुणं रोज सकाळी आरोग्यासाठी चालत असतं.

मला मात्र त्या क्षणी फार बरं वाटत होतं, कबूल करतो. मी खिशातून कागद काढला. त्यावर ते सात बिंदू लिहून आणले होते. तिला म्हटलं, चला, वाळुंजाखाली, थोरली जिथे होती त्याच जागी बसवू, एक बोटभरही इकडेतिकडे होणार नाही. त्या फायबरच्या बाहुल्यांच्या पायाशी बसवू, बघू कोण उचलतं ते.

बारकीबाईने दगड पिशवीत ठेवला, वर नारळ ठेवला. जाकीट काढून, घडी घालून माझ्या हातात दिलं. हितं आता ठेवायची नाही, असं म्हणाली आणि गेटच्या उलट्या दिशेने, वर, नदीच्या काठाकाठाने चालू लागली. मी चार पावलं मागे गेलो आणि विचारलं, मग कुठे ठेवणार?

ती थांबली. माझ्या हातातल्या कागदाकडे तिने बघितलं.

"तुमाला न्हाय सांगायची," ती म्हणाली. "तुमी मोजाल."